‘ल’ऐवजी ‘ळ’ वाचावे

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, धंदा टंकलेखन, पूर्वी कोर्टाच्या मागच्या जिन्याखाली आणि हल्ली गुडघ्यांमुळे घरी, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली, कोणाच्या भिडेखातर किंवा रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहे, पण भर ओसरला आहे. माझे पूर्ण नाव सोबत जोडलेल्या ओळखपत्रावर आहे, ते तसेच समजावे. इथे पुन्हा टंकत नाही, कारण हल्ली नाव पुन्हा टंकले की पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले आणि देशाचा कारभार कोण चालवते असे विचारले. पहिल्या दोन्हीची उत्तरे मी दिली. तिसऱ्याला म्हटले, "डॉक्टर, त्यावरच नऊ वर्षं केस चालू आहे माझी." त्यांनी मुकाट्याने शिक्का मारला. हृदयाबद्दल मात्र ते तितक्या खात्रीने बोलले नाहीत, म्हणून ही घाई.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांची मात्र दोनशेच्या वर टंकली, त्यामुळे ती कुठे फसतात ते मला ठाऊक आहे. माणसाला जे खरोखर सांगायचे असते ते तो ढकलत ढकलत शेवटच्या कलमापर्यंत नेतो आणि तिथे पोचेपर्यंत कागद संपतो. मी कागद जास्तीचे घेतले आहेत.

कलम पहिले. घर.

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पुढे अरुंद गच्ची, मागे लोखंडी जिना, हे घर यजमान गेल्यापासून माझ्या नावावर आहे. रस्त्याकडची खोली मुलाने घ्यावी. त्याचे स्वतःचे घर लिफ्टचे आहे, तेव्हा तो इथे राहायला येईल अशी भाबडी आशा मी धरलेली नाही. भाड्याने द्यावी. फक्त खिडकीची उजवी झडप जोरात ओढू नये, ती बिजागरीतून निखळते आणि खाली औषधवाल्याच्या पाटीवर पडते. एकदा पडली आहे, आणि त्याने ते अजून सोडलेले नाही.

आतली खोली, मोरी आणि ओटा माझ्या नणंदबाईंना कायमचा, मालकी हक्काने द्यावा. नणंदबाई म्हणजे यजमानांची धाकटी बहीण, वय अडुसष्ट, लग्न केले नाही, सरकारी दवाखान्यात तीस वर्षे परिचारिका. मी लग्न होऊन आले तेव्हा मला स्टोव्ह पेटवता येत नव्हता, तो त्यांनी शिकवला आणि सासूबाईंना सांगितले नाही. मुलाच्या जन्माच्या वेळी माझा हात धरून बसल्या होत्या त्याही त्याच.

गेली साडेनऊ वर्षे त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. एका घरात, एका ओट्यावर. त्यांना चहा हवा असला तर त्या मांजराला सांगत, "कुणी आधण ठेवलं असेल तर कपभर जास्त टाका म्हणावं." मांजर जाऊन चार वर्षे झाली. आता त्या भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगतात. मीही कॅलेंडरकडे बघूनच हो म्हणते. याचे कारण कलम सहामध्ये येईल.

आता अडचण अशी, की केंद्र सरकारच्या जुळणी आदेशाप्रमाणे माझ्या नणंदबाई ‘संशयित’ आहेत. हा आदेश काय होता हे ठाऊक नसलेला वाचक पुढे कधीतरी जन्माला यावा अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून त्याच्यासाठी सांगते. दहा वर्षांपूर्वी सरकारने ठरवले, की प्रत्येकाच्या घरातला कागद आणि सरकारी दप्तरातला कागद अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. एक अक्षर वेगळे निघाले, किंवा कागदावर सहीवाचून खाडाखोड दिसली, की त्या माणसाचे नाव संशयितांच्या यादीत. संशयिताला मत नाही, सरकारी नोकरी नाही, मालमत्ता बाळगता येत नाही, आणि दोन वर्षांत ‘मी मीच आहे’ हे सिद्ध केले नाही तर देशातून रवानगी. सध्या हे सगळे न्यायालयाच्या स्थगितीने थांबले आहे. स्थगिती आहे तोवर आतली खोली नणंदबाईंची होऊ शकते. ती उठली, की हे कलमही निकामी आणि आमच्या वस्तीतल्या चारशे बारा घरांच्या चाव्याही निकामी.

कलम दुसरे. ठेव आणि किडुकमिडुक.

बँकेतली ठेव सुनेला द्यावी. किती आहे ते बँक सांगेल, मी सांगितले तर ती हसेल. माझ्या प्रत्येक सुनावणीला ती नवऱ्याला ‘बाजारात जाते’ असे सांगून कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसली आहे. नऊ वर्षांत तिने एकदाही बाजारातून काही आणले नाही आणि माझ्या मुलाच्या ते लक्षात आले नाही. माझ्या दोन बांगड्याही तिलाच.

कलम तिसरे. धंद्याची हत्यारे.

टाइपरायटर, त्याचे झाकण, तेलाची कुपी, ब्रश आणि उरलेल्या फिती आमच्या वकीलबाईंना. नऊ वर्षे त्यांनी आमची केस चालवली आणि फी म्हणून काही घेतले नाही. यंत्र चांगले चालते. त्याचा ‘ळ’ बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित काळा उमटतो, कारण तो मागाहून बसवला आहे. त्याबद्दलही पुढे.

माझी मोठी काळी छत्री मुद्रांकवाल्याला द्यायची होती. पस्तीस वर्षे आम्ही एका जिन्याखाली बसलो, तो मुद्रांक विकत आणि मी टंकत, आणि पाऊस आला की तो माझ्याच छत्रीखाली सरकून मलाच भिजवायचा. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्राखाली काही देता येत नाही. म्हणून छत्री मी त्याला कालच देऊन टाकली.

कलम चौथे. मनातले सल.

आमच्या केसमधल्या एका अर्जदाराने, वस्तीतल्या कंपाउंडरने, आपले नाव मागे घेतले, त्याबद्दल त्याला माफ केले आहे. त्याच्याकडे जीपमधून दोन माणसे आली होती आणि त्याला दोन मुली आहेत. वस्तीत त्याला कोणी भेकड म्हणू नये. माझ्यासमोर कोणी म्हटले असते तर मी त्याला त्याच जीपमध्ये बसवून पाठवले असते.

जुळणी केंद्राच्या खिडकी क्रमांक तीनवर बसणाऱ्या गृहस्थाला माफ केलेले नाही. त्याने आमच्या वस्तीतल्या इस्त्रीवाल्याला सांगितले, "तुम्ही तुम्हीच आहात याचा पुरावा घेऊन या." इस्त्रीवाला चार वेळा गेला. पाचव्या वेळी त्याच्या कागदांच्या पिशवीत जेवणाचा डबा होता, कारण दिवस जाणार हे तो धरून चालला होता. तो मागच्या वर्षी गेला. खिडकीवरच्या गृहस्थाने त्याच्या बायकोला मृत्यूच्या दाखल्यासाठी पुन्हा तेच विचारले.

मुलाबद्दल. माझा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे आणि नेमका जुळणी कक्षातच कारकून आहे. तो दर महिन्याला येऊन खुर्चीच्या कडेवर बसायचा.

"आई, अर्ज मागे घे. तुझ्या केसमुळं माझी बढती तीनदा अडली."

"केसमुळं, की रोज अकराला ऑफिसात पोचतोस त्यामुळं?"

"तू चेष्टा कर. पण सरकारशी भांडून कुणी जिंकलंय का?"

"सरकारशी कोण भांडतंय? मी त्यांच्या एका कागदाशी भांडतेय. कागद हरतात रे. मी हरलेले कागद पुष्कळ टंकलेत."

मग तो चहा न घेता जायचा. यावरून आमच्यात जे काही झाले, ते मी त्याच्याकडून सोडून देते. आपल्या आत्याची फाइल टेबलावर आली तेव्हा त्याने काय केले, ते मला सुनेकडून कळले आहे. इथे लिहीत नाही, त्याची नोकरी आहे. पण त्या एका गोष्टीपुढे बाकीचे सगळे माफ. हे त्याला तोंडावर सांगायला हवे होते.

कलम पाचवे. अर्ज.

माझ्याकडची सगळ्यात मोठी मालमत्ता म्हणजे केंद्र सरकारविरुद्धचा आमचा अर्ज. आदेश निघाल्यावर मोर्चे निघाले, मी गेले. निवेदने दिली, ती मीच टंकली होती. मंत्र्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, फोटो काढला आणि विषय संपला. कोर्टाचे तसे नाही. तिथे वेळ लागतो, पायऱ्या झिजवाव्या लागतात, पण सरकारला शपथेवर लेखी उत्तर द्यावेच लागते. जिन्याखाली बसणाऱ्या बाईने ‘का?’ विचारले आणि केंद्र सरकारला एकशे चाळीस पानांचे उत्तर टंकावे लागले, तेही तीन प्रतींत. मला त्या टंकणाऱ्याची दया आली, पण बरेही वाटले.

आम्ही पाच अर्जदार होतो. बेकरीवाला वारला. शाळेतल्या बाई मुलीकडे दूरदेशी गेल्या. कंपाउंडरचे वर आलेच आहे. इस्त्रीवालाही गेला. उरले मी, अर्जदार क्रमांक पाच. नवा अर्ज करायची मुदत केव्हाच सरली आहे, त्यामुळे चारशे बारा घरांवरची स्थगिती आता माझ्या एकटीच्या नावाला टांगलेली आहे. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितले, "मावशी, तुम्ही गेलात तर नव्वद दिवसांत तुमच्या जागी कुणीतरी रेकॉर्डवर यायला हवं. नाही आलं तर अर्ज बाद, स्थगिती बाद."

मुलाला माझ्या जागी उभे करू नये. त्याची नोकरी जाईल आणि तो मला वरपर्यंत येऊन बोल लावेल. सुनेलाही नाही, त्याचाच संसार आहे तो. म्हणून मी माझ्या नणंदबाईंना या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमते. त्यांनी नव्वद दिवसांच्या आत माझ्या जागी रेकॉर्डवर यावे आणि अर्ज शेवटपर्यंत चालवावा. मी त्यांना विचारलेले नाही. विचारायचे तर बोलणे लागते.

कलम सहावे. जे ढकलत आणले ते.

एकतीस वर्षांपूर्वी नोंदणी कचेरीला आग लागली. आमच्या वस्तीचे जन्माचे, राहण्याचे, नावागावाचे सगळे कागद जळाले. सरकारने सांगितले, प्रत्येकाने नवे प्रतिज्ञापत्र करून द्या. कोर्टाच्या मागच्या जिन्याखाली रांग लागली ती दोन महिने हलली नाही. चारशे बारा प्रतिज्ञापत्रे मी एकटीने टंकली, कार्बन घालून प्रत्येकाच्या तीन प्रती. वरची प्रत माणसाला, खालच्या दोन कचेरीला.

पहिल्याच सकाळी माझ्या यंत्रातला ‘ळ’चा दांडा तुटला. दुरुस्तीवाला म्हणाला, यंत्र महिनाभर ठेवून घ्यावे लागेल. बाहेर रांग उभी. मी एक पद्धत काढली. ‘ळ’च्या जागी ‘ल’ टंकायचा, कागद यंत्रातून काढून कार्बन बाजूला करायचे, आणि वरच्या प्रतीवर पेनने ‘ल’च्या दांडीला उजवीकडून एक गोल जोडायचा. छान ‘ळ’ व्हायचा. खालच्या दोन प्रतींवर ‘ल’ तसाच राहायचा. पेनने दुरुस्ती केली की तिच्यापुढे समासात माझी आणि अर्ज करणाऱ्याची छोटी सही हवी, हा नियम मला पाठ होता. एका प्रतिज्ञापत्रात वीस-वीस ‘ळ’. कोण सह्या करत बसणार?

नणंदबाई तेव्हा ड्यूटी संपवून माझ्या मदतीला यायच्या. बाजूला बसून प्रती लावायच्या, टाचायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पाहिले.

"वहिनी, खालच्या प्रती पण सुधार की."

"चालतंय, वन्सं. कचेरीत कोण वाचतंय?"

"आणि दुरुस्तीपुढं सही?"

"रांग बघा केवढी आहे. चालतंय."

एकवीस वर्षे खरेच चालले. मग जुळणी आदेश निघाला आणि कचेरीत कोणीतरी वाचायला बसले. लोकांच्या घरात ‘मूळ रहिवासी’, सरकारी दप्तरात ‘मूल रहिवासी’. घरात ‘डाव्या डोळ्याखाली तीळ’, दप्तरात ‘डाव्या डोल्याखाली तील’. नावात ‘ळ’ नसलेलेही सुटले नाहीत, कारण ‘मूळ’ सगळ्यांच्याच कागदात होते. सरकारी वकिलांनी भर कोर्टात विचारले, साठ वर्षांचा इसम मूल कसा, आणि सगळे हसले. मीही हसले. आजूबाजूला सगळे हसत असताना न हसणे उठून दिसते.

पहिल्या यादीत नणंदबाई होत्या. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना त्यांना कामावरून काढले. पुढे स्थगिती आली, पण ती ‘जैसे थे’ची, म्हणजे ज्याचे गेले ते गेलेलेच. पेन्शनही अडली. काढल्याचे पत्र आले त्या दिवशी त्यांनी ते माझ्या यंत्रावर ठेवले आणि म्हणाल्या, "चालतंय ना, वहिनी?" त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि त्यांनी हे दुसऱ्याही कोणाला सांगितले नाही.

मीही सांगितले नाही. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, फरक पडला कसा? मी म्हटले, "कोण जाणे, कचेरीत झाला असेल." माझ्या बाजूने फुकट लढणाऱ्या मुलीशी मी धडधडीत खोटे बोलले. वस्तीने मला डोक्यावर घेतले. सभेत पहिली खुर्ची माझी. इस्त्रीवाल्याची बायको मला ‘आमची टाइपबाई’ म्हणून नातवंडांना दाखवते. प्रत्येक वेळी आतून चिरत जाते, आणि तरी मी त्या खुर्चीत बसते.

मागच्या महिन्यात सरकारने हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल दिला. पडद्यावर माझे गोल हाताहाताएवढे मोठे करून दाखवले. तज्ज्ञ म्हणाला, चारशे बारा कागदांवरची दुरुस्ती एकाच सराईत हाताची आहे, म्हणजे ही संघटित बनवाबनवी आहे. ‘सराईत’ हा शब्द ऐकून मला क्षणभर बरे वाटले, हेही कबूल करते. न्यायाधीशांनी सांगितले, तो हात कोणाचा याचा खुलासा सोमवारच्या सुनावणीत करा, नाहीतर स्थगिती उठवू. वकीलबाई पंधरा दिवस घरोघर विचारत हिंडत आहेत. माझ्याकडे त्या विचारायला आल्या नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

खुलासा माझ्या कपाटात आहे. माझी टंकलेखनाची नोंदवही. प्रत्येक कागदाचा क्रमांक, तारीख, आणि पुढे ‘ळ सात’, ‘ळ बावीस’, म्हणजे पेनने किती दुरुस्त केले ते. सही करायचा कंटाळा आणि मोजायची हौस, असा माझा स्वभाव. त्या वहीने हे सिद्ध होते, की दोन्ही कागदांवरचा माणूस एकच आहे आणि त्याने काहीही फेरफार केलेला नाही. फेरफार मी केला. पण आदेशात फेरफार करणाऱ्याला सात वर्षांची कैद आहे. मला कैदेची भीती वाटते. इस्त्रीवाल्याच्या बायकोची त्याहून जास्त.

म्हणून मी असे ठरवते, की नोंदवही आणि माझे प्रतिज्ञापत्र पाकिटात सीलबंद करून ठेवावे आणि वकीलबाईंनी ते माझ्या मृत्यूनंतर उघडावे. प्रतिज्ञापत्रात मी लिहिले आहे, की त्या दोन महिन्यांतल्या सर्व दप्तरी प्रतींत ‘ल’ऐवजी ‘ळ’ वाचावे. आणि हेही लिहिले आहे, की चूक माझी असली तरी आदेश त्यामुळे बरोबर ठरत नाही. टंकणाऱ्या बाईचा दांडा तुटला म्हणून चारशे बारा घरांतली माणसे परकी होत नाहीत. जो कायदा तसे म्हणतो तो मोडायलाच हवा, आणि तो कोर्टातच मोडतो. हे मला नऊ वर्षे ठाऊक आहे. मोठ्याने म्हणायचे धैर्य झाले नाही.

इथपर्यंत टंकून झाले तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. यंत्र थांबले म्हणून असेल, नणंदबाई आतून आल्या. चष्मा डोक्यावरून खाली ओढला, माझ्या पुढ्यातले कागद उचलले आणि उभ्यानेच वाचू लागल्या. एकेक पान त्या ओट्यावर पालथे ठेवत होत्या. आतल्या खोलीचे वाचले तेव्हा ‘हूं’ एवढेच. व्यवस्थापकाच्या ओळीपाशी भुवया वर गेल्या. सहाव्या कलमाला फार वेळ लावला.

"मेल्यावर उघडायचं पाकीट?" त्या म्हणाल्या.

मी सवयीने कॅलेंडरकडे पाहिले.

"तिकडं काय बघतेस? तुला विचारतेय, वहिनी."

"हो," मी म्हटले. "मेल्यावर."

"तारीख सोमवारी आहे. सोमवारच्या आत मरणार आहेस का?"

"तसं काही ठरवलेलं नाही, वन्सं."

"मग सोमवारी जज विचारणार, हे गोल कुणी काढले, आणि तू पहिल्या बाकावर मान खाली घालून बसणार. स्थगिती उठणार. माणसं बाहेर काढली जाणार. मग कधीतरी सवडीनं तू मरणार आणि आम्ही पाकीट उघडणार. ते वाचून दाखवायला इथं राहिलेलं असेल कोण?"

मी पालथी पाने एकसारखी करू लागले.

"आणि मेलेल्या बाईची उलटतपासणी कोण घेणार गं? सरकारी वकील म्हणेल, मेली ती बिचारी, हिच्या नावावर खपवून दिलं सगळं. इतकी वर्षं कोर्टात बसलीस, एवढं कळू नये?"

"सात वर्षं आहेत, वन्सं. मी सदुसष्टची."

"मला मोजता येतं." मग त्या स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आला. "मी पण सांगणार आहे. प्रती मीच टाचल्यात. साडेनऊ वर्षं गप्प बसले, लोकांना वाटलं रागावले म्हणून. रागावले होतेच. पण तोंड उघडलं असतं तर तुझंच नाव आलं असतं बाहेर, आणि तुला धरून नेलं असतं. ते मला बघवलं नसतं. म्हणून तुझ्याशीसुद्धा बोलले नाही. बोलायला लागले असते तर सगळंच बोलले असते."

मी रडले. हे दस्तात लिहायची गरज नाही, पण मृत्युपत्र माझे आहे. त्यांनी पदर पुढे केला नाही, ओले फडके दिले. ते ओट्याचे होते.

"आता काय लिहू?" मी विचारले.

"खोली राहू दे. व्यवस्थापक पण राहू दे, मी उभी राहते तुझ्या जागी, तू गेलीस की. पण ते सहावं खोड. आणि खोडल्यावर पुढं सही कर, बाई. या वेळी तरी."

कलम सातवे. फेरफार.

सबब, कलम सहाव्यामध्ये ‘म्हणून मी असे ठरवते’पासून ‘माझ्या मृत्यूनंतर उघडावे’पर्यंतचा मजकूर मी रद्द करते. खालचे वाचता यावे अशी एकच आडवी रेघ मारली आहे. नोंदवही सीलबंद केलेली नाही. आज संध्याकाळी पाच वाजता मी आणि नणंदबाई ती घेऊन वकीलबाईंच्या कचेरीत जात आहोत, रिक्षा सांगितली आहे. तिथून परतताना इस्त्रीवाल्याच्या घरी. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी कोर्टात शपथेवर, उभी राहून, तो हात माझा असल्याचे सांगणार आहे आणि विचारतील त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे देणार आहे. त्यापुढे मला कैद झाली तर रस्त्याकडची खोली तेवढे दिवस बंद ठेवावी, मुलाने घाई करू नये. बाकीची कलमे मी मरेपर्यंत तशीच पडून राहतील. त्यांना काही घाई नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः टंकले, स्वतः वाचले, नणंदबाईंनी न विचारता वाचले, आणि ते मला मान्य आहे. नणंदबाईंना आतली खोली मिळत असल्याने त्या इथे साक्षीदार नाहीत. त्यांची साक्ष सोमवारी.

ठिकाण: राहते घर, ओट्याजवळ.
दिनांक: शुक्रवार, सुनावणीला तीन दिवस बाकी.

(सही) अर्जदार क्रमांक पाच

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली म्हणून:
१. (सही) औषधवाला, खालचे दुकान. झडप पडल्याचे मी केव्हाच सोडले आहे, हे इथे नमूद करावे.
२. (सही) मुद्रांकवाला, कोर्टाचा मागचा जिना.

खाडाखोडीची नोंद: या दस्तात पेनने केलेली खाडाखोड एक, कलम सहावे. ती मी केली. तिच्यापुढे समासात माझी सही आहे.